बिननावाची मुळी

सकाळी वेणी घालता घालता शमिकाने लेकीच्या कोपरावरची टिकली पाहिली. लालभडक! ही कपाळावरची टिकली नव्हे बरं का. कातडीखालचा दाह मोजणारी ती एक पट्टी होती. दाह असला की लाल, निवला की हिरवी. नाव काही भलंमोठं होतं, पण आकार पाहून लोकांनी तिची टिकली करून टाकली. आठ वर्षांच्या ओवीच्या इसबाने ती टिकली एकदाही हिरवी होऊ दिली नव्हती.

"आई, राघोआजोबांचा लेप लाव ना. माझ्या वर्गातल्या मिथिलची टिकली हिरवी झाली!"

"आधी तपासू दे."

डॉक्टर शमिका नाबर औषध पडताळणी केंद्रात होती आणि दुधाने तोंड पोळलेली होती. मागे एका वैदूच्या 'शुद्ध झाडपाल्यात' चक्क स्टेरॉइडचं मलम निघालं होतं, आणि तिने ते ओवीला लावलंही होतं! त्यात लेप देणारे हे गावचे वैदू राघो परब लेपातल्या मुळीचं नावच सांगेनात. "नाव घेतलं की गुण जातो," हेच पालुपद. इथंही पाणी मुरतंय, याची तिला खात्री होती.

लेप तपासला. स्टेरॉइड नाही. मग ऐंशी रुग्ण घेतले; निम्म्यांना खरा लेप, निम्म्यांना तशाच रंगावासाचा खोटा. कुणाला कुठला, हे तिलाही ठाऊक नव्हतं. सहा आठवड्यांनी यादी उघडली, तर खऱ्या लेपाच्या एकतीस टिकल्या हिरव्या, खोट्याच्या फक्त सात! विश्वास बसेना म्हणून तिने पुन्हा मोजल्या. वनस्पती ओळखणाऱ्या यंत्राने तर मुळीचं नावही सांगून टाकलं.

ती तडक राघोकाकांकडे गेली. "काका, सापडलं नाव. आता लपवून काय उपयोग?"

काका चिडले नाहीत. तिला घेऊन गावामागच्या सड्यावर गेले. नुसता कातळ आणि खणलेले खड्डे.

"इथं खोकल्याची मुळी व्हायची. माझ्या बापाने एका शहाण्याला नाव सांगितलं. दोन वर्षांत लोकांनी टिकाव घालून सगळी उपटून नेली. गुण जातो तो असा, बाय."

शमिकाला स्वतःचीच लाज वाटली. पण अहवालातला नावाचा रकाना? तो रिकामा ठेवला, तर पुरावा कोण मानणार? तिने स्वतः तरी मानला असता का?

त्या संध्याकाळी तिने ओवीला लेप लावला. आठवड्याभरात टिकलीची कड हिरवी झाली. पोर घरभर नाचली.

"आई, मी शाळेत सगळ्यांना सांगणार! नाव काय गं त्या मुळीचं?"