आजचा फोटो झाला

दिंडोरी नाक्यावर बसची वाट बघत उभ्या असलेल्या वेदिकाने मोबाइल वर धरला, टपरीवरच्या चहाच्या वाफेवर नेम साधला, बटण दाबलं – आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी मध्ये आलं. फोटोत वाफेऐवजी आला एक कान. मफलरबाहेर राहिलेला, थंडीने लालबुंद झालेला.

"झालं! गेला आजचा फोटो."

"दुसरा काढा की," कानाचा मालक वळून म्हणाला. "वाफ काही पळून नाही चालली."

"मी दिवसाला एकच काढते. बरा येवो, वाईट येवो, तोच ठेवायचा."

"म्हणजे माझा कान आता कायमचा तुमच्याकडे?"

"नाइलाज आहे," वेदिका म्हणाली, आणि हसू दाबायला तिला बसकडे बघावं लागलं.

त्याचं नाव हर्षल. मूळचा नांदगावचा; नाशकात खोली घेऊन राहायचा आणि दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत ठिबकची कामं बघायचा. वेदिका दिंडोरीलाच माती तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. बस एकच, त्यामुळे ओळख वाढायला मुहूर्त काढावा लागला नाही. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

रोज एक फोटो हा वेदिकाचा कॉलेजपासूनचा नेम. तापाने फणफणली तेव्हा तिने उशाजवळच्या पेजेच्या वाटीचा काढला. मावसबहिणीच्या लग्नात सगळे नवरानवरीवर तुटून पडलेले असताना हिने मांडवाबाहेरच्या चपलांचा काढला. कामाला सुरगाण्याला गेली, तर जीपच्या टपावर नागलीच्या पोत्यांत ऐटीत बसलेल्या कोंबडीचा. आई वैतागायची, "देवाला हात जोडायला विसरशील, पण हे खूळ नाही विसरणार." खूळ तर खूळ, पण त्यामुळे कुठलाच दिवस फुकट गेल्यासारखा वाटत नसे.

हर्षलने मात्र त्या खुळाला कधी नावं ठेवली नाहीत. उलट एकदा बॅगेतून ठिबकची नळी काढून तिच्यापुढे धरली. "खारीने कुरतडलीय. बघ, दातांची नक्षी!" तिने खरंच तिचा फोटो काढला. त्या दिवसापासून तो तिला आवडायला लागला. चांगलाच आवडायला लागला. शेजारची जागा धरायला ती खिडकीला स्वतः बसायची, बाजूला पर्स ठेवायची आणि चढणाऱ्या म्हाताऱ्यांची नजर चुकवायची.

आणि फेब्रुवारीतल्या एका सोमवारी तो म्हणाला, "एक काम होतं... आईला बायोडेटासाठी माझा फोटो हवाय. येवल्याचं स्थळ आहे. स्टुडिओत माझा चेहरा आधार कार्डावरच्यासारखा येतो. तू काढशील?"

वेदिकाने हातातला मोबाइल पर्समध्ये टाकला.

"आजचा फोटो झाला," ती म्हणाली.

मंगळवारी तिने घरातून निघायच्या आधीच पायपुसण्याचा फोटो उरकून टाकला. बुधवारी गॅसच्या सिलिंडरचा.

"पायपुसण्यानंतर सिलिंडर?" हर्षल म्हणाला. "माझा नंबर कधी?"

"रांग आहे."

"आईचे रोज फोन येतायत गं. रविवारी ते लोक घरी यायचेत."

फोटो दिला की हा गेला, एवढं तिला कळत होतं. पण आपण आपल्याच नेमाआड लपतोय, हेही कळत होतं, आणि ते तिला आवडेना. शनिवारी दिंडोरीला उतरल्यावर तिने त्याला चिंचेखाली उभं केलं.

"कुठे बघू?"

"इकडे."

"मोबाइलकडे, की तुझ्याकडे?"

"...बघ कुठेही."

त्याने बघितलं. तिने बटण दाबलं, फोटो नीट न पाहताच त्याला पाठवला आणि वळली. डोळे भरून आले होते.

संध्याकाळच्या बसमध्ये तो शेजारी येऊन बसला, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बसच्या खडखडाटात काही ऐकू येईना, म्हणून त्याने स्पीकर लावला. नांदगावहून त्याची आई, सगुणाबाई.

"हर्षल्या, फोटो पाह्यला. नाय चालायचा तो."

"का? नाक वाकडं आलंय?"

"नाक बरं हाय. लय चांगला आलाय, तीच तर पंचाईत! असा फोटो धाडला तर पोरीकडचे विचारतील, नवरदेव पाहतोय तरी कोणाकडं? खरं सांग, काढला कोणी?"

पुढच्या बाकावरच्या बाईने मान वळवली. वेदिका बाहेरच्या द्राक्षबागांकडे बघत राहिली.

"वेदिकाने," हर्षल कसाबसा म्हणाला.

"तिला विचारलं का?"

"नाय..."

"मंग येवल्याच्या पोरीला कशाला ताटकळत ठेवतो? तिला विचार अन् मला सांग." फोन बंद.

हर्षलने फोन खिशात टाकला. "ऐकलंस?"

"सगळ्या बसने ऐकलं."

"मला वाटलं, फोटो काढ म्हटल्यावर तू म्हणशील, नको पाठवू. तू तर रांग लावलीस!"

"आणि मला वाटलं, तुला खरंच येवल्याला जायचंय. सरळ विचारायला काय झालं होतं?"

"भीती वाटली... नाही म्हणालीस तर बसमधली ही जागाही गेली असती." तो थांबला. "आता विचारतो. लग्न करशील माझ्याशी?"

"करीन," वेदिका म्हणाली. "आता आधी आईंना फोन लाव. उद्या ती माणसं उगाच येवल्याहून निघायची."

त्याने लगेच फोन लावला. या वेळी स्पीकर लावला नाही, तरी सगुणाबाईंचा आनंद कंडक्टरपर्यंत ऐकू गेला.