लाल बाही

"हे माझ्या नवऱ्याच्या हातचं नाही," मादाम मार्सां म्हणाल्या, आणि तासाभरात ओदीलच्या मागे दाराला कडी लागली.

छापखान्याच्या मागच्या खोलीला गजांची एकच खिडकी. बाहेर शिपाई, आत शाईचा उग्र दर्प. पॅरिसात तेव्हा रोमन वीरांच्या चित्रांना सोन्याचा भाव होता. दिवंगत मार्सां मास्तरांनी एका शोकनाटकाच्या पुस्तकासाठी काढलेलं चित्र टेबलावर होतं. उजव्या हातात तलवार घेतलेला सेनापती बायकोचा निरोप घेतोय. शेजारच्या छापील पुस्तकातही हुबेहूब तसंच.

ते तांब्यावर कोरलं होतं ओदीलनं. म्हणून अस्सल विकून नक्कल परत केली तीही तिनंच, असं प्रकाशक ब्रिसारचं म्हणणं. संध्याकाळी तिची रवानगी तुरुंगात होणार होती.

"चित्र तुम्हाला दिलं कुणी?" तपासाला आलेल्या तेवनोसाहेबांनी ब्रिसारला विचारलं.

"मार्सांनीच. हिच्याकडून घेऊन थेट माझ्याकडे आले. तापानं फणफणले होते, उलगडून कशाला बघतात? मी कपाटात ठेवलं. किल्ली माझ्या गळ्यात."

"तो दिवस आठवतो, मादाम?"

"न आठवायला काय झालं? कोटाची बाही लाल करून आले. म्हटलं, अहो, चित्र पोचवायला गेला होतात की खाटकाकडे? कोट ठेवलाय अजून. डाग गेला नाही."

ओदीलनं मान वर केली. "साहेब, मी..."

"तू गप्प बस," ब्रिसार खेकसला.

तेवनोंनी चित्र उलटं केलं. पाठ पांढरीफेक. "बोल पोरी. चित्र पत्र्यावर उतरवतेस कसं?"

"पाठीला लाल खडू घासते. कागद पत्र्यावर ठेवून रेघा गिरवते. मग पत्रा कोरते."

"आणि छापल्यावर?"

"डाव्याचं उजवं होतं. म्हणून मास्तर तलवार मुद्दाम डाव्या हातात काढायचे."

तेवनोंनी चित्र सुलटं करून सेनापतीच्या उजव्या हातातल्या तलवारीवर बोट ठेवलं.

"म्हणजे अस्सल चित्राची पाठ लाल, तलवार डाव्या हातात," तेवनो म्हणाले. "ती लाली मार्सांच्या बाहीला लागली. पोरीनं परत केलं ते अस्सलच. ब्रिसार, ते तुमच्या कपाटात गेलं आणि बाहेर आलं हे. मार्सां वारले, आता कोण विचारतंय म्हणून तुम्ही ते विकलंत. बाई मागायला येणार म्हटल्यावर घाईनं नक्कल करवलीत. समोर अस्सल नव्हतं, म्हणून पुस्तकावरून. हिला नक्कल करायची असती, तर चित्र महिनोन्‌महिने हिच्याच टेबलावर होतं; तलवार डाव्याच हातात आली असती. किल्ली कुणाच्या गळ्यात म्हणालात?"

ब्रिसारचा हात नकळत गळ्याकडे गेला.

शिपायानं कडी काढली. दार अरुंद होतं. ब्रिसारला आत ढकलता यावं म्हणून ओदीलला क्षणभर अंग चोरून उभं राहावं लागलं. मग ती बाहेर पडली आणि तिच्या मागे कडी पुन्हा लागली.