काच वर येईपर्यंत

बिटको चौकात सिग्नल लागला, तेव्हा मोहिनीच्या स्कूटरशेजारी एक जुनी लाल गाडी येऊन थांबली — कापडी टप मागे दुमडणारी. वाऱ्यानं धूळ उडत होती. आतला तरुण उघड्या खिडकीत रुमाल धरून बसला होता.

"काच वर घ्या की," ती म्हणाली.

"घेतली असती… तीच रुसून बसलीय."

"बटण दाबल्यावर मोटरचा आवाज येतो?"

त्यानं चमकून पाहिलं. "येतो. काच हलत नाही."

"मग आतली तार तुटली असणार. जेल रोडला माझं गॅरेज आहे, तिथे या."

असा योगेश तिच्या गॅरेजात आला. विंचूरच्या एका वाइनरीत तो केमिस्ट होता. मोहिनीनं दाराचं आतलं कव्हर काढलं; काच ओढणारी तार खरंच तुटली होती. पण एवढ्या जुन्या गाडीचा पार्ट मिळेना. मुंबईहून एक आला, तो बसेना. योगेश दर शनिवारी चौकशीला येऊ लागला.

"फोन केला असतात तरी चाललं असतं," ती म्हणायची.

"फोनवर तुमचा चहा मिळत नाही."

"चहा टपरीवरचा आहे."

"पण ओतता तुम्ही…"

ती मान खाली घालून पाना पुसत राहायची. पाना आधीच स्वच्छ असायचा.

मग एका शनिवारी तो आला, पण त्यानं चहाला हात लावला नाही.

"बंगळुरूला नोकरी लागलीय," तो म्हणाला. "गाडी विकतोय. धनराजशेठ मुलाच्या वरातीसाठी घेतायत. उद्या दुपारी येतील… काच झाली तर."

पार्ट त्याच सकाळी आला होता. खोका टेबलावरच होता, आणि ही बातमी त्याला कशी सांगायची हे ती दिवसभर मनात घोळवत होती.

"पार्ट आलाय," ती म्हणाली. "उद्या करू."

दुसऱ्या दिवशी दोघं गाडीच्या दाराला भिडले. योगेश आत बसून काच वरून धरत होता. मोहिनीचा हात मनगटापर्यंत दाराच्या पोकळीत होता. ती नवी तार कप्पीवर चढवत होती.

काच निसटली. ती सावरायला तो झेपावला, त्याचं कोपर बटणावर आपटलं आणि बटण आतच अडकलं. मोटर घुरघुरली. तार ताणली गेली, मोहिनीची बोटं कप्पीत ओढली जाऊ लागली.

"मोहिनी, हात काढ."

"निघत नाही…"

काच सोडली तर ती थेट तिच्या मनगटावर येणार होती. त्यानं एका हातानं काच तशीच धरली. धार तळव्यात रुतली, तरी धरली. दुसरा हात ताणून किल्ली फिरवली.

मोटर थांबली.

तिनं हळूच हात बाहेर काढला. दोन बोटांची सालं निघाली होती, बाकी धड होतं. योगेशनं ती बोटं एकेक करून वाकवून पाहिली. त्याच्या तळव्यातून रक्त येत होतं, तिकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"किल्ली आधीच काढायची नाही का?" तो म्हणाला. "लक्ष कुठे होतं तुझं?"

"बंगळुरूला," ती म्हणाली.

त्यानं तिची बोटं सोडली नाहीत.

बाहेर हॉर्न वाजला. धनराजशेठ आले होते. मोहिनीनं त्याच्या हाताला पट्टी बांधली, आणि किल्ली खिशात टाकून उरलेलं काम पुरं केलं. मग तिनं किल्ली लावून दिली. शेठनी काच वर घेतली, खाली घेतली, पुन्हा वर घेतली. सर्रकन चढली.

"झकास हे. द्या किल्ली."

मोहिनीनं किल्ली काढून योगेशच्या हातावर ठेवली. तो क्षणभर थांबला. तिला वाटलं, आता नाही म्हणेल. पण त्यानं ती शेठना दिली. लाल गाडी वळणापलीकडे गेली.

"आता यायला निमित्त नाही," योगेश म्हणाला.

"निमित्तच लागत असेल तर नको येऊस."

"नसेल लागत तर?" त्यानं तिच्याकडे पाहिलं. "बंगळुरूला नको जाऊ?"

"जा. नोकरी चांगली आहे." तिनं शटर ओढलं, स्कूटरला किल्ली लावली. "आज आधी माझ्या बाबांना भेट… मग जा."

"कोण म्हणून भेटू?"

"ते रस्त्यात ठरवू," ती म्हणाली. "बस मागे."