तेवीस दिवसांची नोंद

मुख्याध्यापिकांच्या दाराबाहेर, बाकावर मावशी बसली होती आणि बाकाखाली तिची सहा वर्षांची भाची. भाचीला घरीदारी सगळे मुंगी म्हणत. शाळेची घंटा झाली की मुंगी कान गच्च दाबून मिळेल त्या आडोशाला शिरायची, ती अर्धा-अर्धा तास बाहेर यायचीच नाही.

मावशीच्या हातात परत आलेला अर्ज होता. मुंगीला वर्गात मदतनीस शिक्षिका मिळावी म्हणून केलेला. त्यावर शेरा होता, ‘मदतीची गरज दिसत नाही.’

समोर शिडीवर चढून एक जण भिंतीवरचं घड्याळ उतरवत होता. तो वाकून म्हणाला, "बघू?"

"तुम्ही शाळेतले?"

"छे, घड्याळवाला. पण असले अर्ज घरात पाहिलेत." त्याने वाचला आणि हसू दाबलं. "नाव लिहिते, पन्नासपर्यंत मोजते, सगळ्यांशी गोडीने वागते... अहो, मीच हिच्याकडे शिकवणी लावतो!"

"एक अक्षरही खोटं नाही त्यात!"

"नाव कधी लिहिलं?"

"रविवारी. घरी... एकदा."

"आणि तुम्ही काय करता?"

"प्रयोगशाळेत पाणी तपासते."

"मग एकाच स्वच्छ नमुन्यावर अख्ख्या विहिरीचा दाखला देता?"

मावशीला ते झोंबलं. तो शिडीवरून उतरला. आवाजातली थट्टा गेली होती. "माझ्या आईनेही धाकटीबद्दल असंच छान छान लिहिलं होतं. आपल्याच लेकराचं उणं कागदावर कसं उतरवायचं? धाकटी चार वर्षं शेवटच्या बाकावर नुसती बसून राहिली."

मावशीने त्याच दिवशी नोंदींची वही सुरू केली. मुंगीची आई सकाळपाळीला असायची, म्हणून एक वाजता शाळा सुटताना मावशी यायची, वर्गाच्या बाईंना विचारून लिहायची: काय झालं, त्याआधी काय झालं, किती मिनिटं. शाळेत सतरा घड्याळं होती. त्यांच्या निमित्ताने तोही रोज त्या बाकाशी यायचा.

"हे का खोडलंत?"

"त्या दिवशी ती बाईंना... चावली."

"तेच तर हवंय."

पुन्हा लिहिताना तिचं पेन अडलं. त्याने पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली.

तेवीस दिवसांची नोंद जोडून नवा अर्ज गेला. पंधरा दिवसांनी पत्र आलं: रोज दोन तास मदतनीस शिक्षिका, आणि मुंगीच्या वर्गात घंटेऐवजी दिवा. दिवा बसवायला अर्थातच तो आला.

"माझाही एक अर्ज आहे," काम आटोपून बाकावर मावशीशेजारी बसत, हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे बघत तो म्हणाला. "छान छान लिहू... की खरं?"

"खरं. वाईट दिवसांसकट."

"सकाळी नऊपर्यंत मी कुणाशी धड बोलत नाही. भाजी हमखास करपवतो. आणि घड्याळं दुरुस्त करतो खरा, पण स्वतः वेळेवर कधी—"

"ते ठाऊक आहे."

तिने वहीचं शेवटचं पान उघडलं. त्याच तेवीस तारखा. समोर त्याची यायची वेळ: एक अकरा. एक नऊ. एक वीस. आणि प्रत्येकीपुढे शेऱ्याच्या रकान्यात दोनच शब्द — ‘मी थांबले.’

त्याने पान वरपासून खालपर्यंत वाचलं. "रोज?"

"तेवीसपैकी तेवीस," ती म्हणाली आणि बाकाखाली मुंगीला शोधू लागली. मुंगी मात्र कधीचीच बाकावर, दोघांच्या मध्ये येऊन बसली होती.