चौकशीला आलेला पाहुणा

सात रस्त्याजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ऋतुजा बंडगर आपल्या कागदांवर नजर ठेवून उभी होती. नर्सिंगची पदवी, गुणपत्रक, कौन्सिलची नोंदणी... एकेक कागद मशीनखाली जात होता, आणि मागे उभा असलेला एक चष्मेवाला तिच्या खांद्यावरून ते खुशाल वाचत होता.

"फिलिपिन्सचा शिक्का असा असतो होय?" तो म्हणाला.

तिनं कागद पालथा घातला. "दुसऱ्याचे कागद वाचायची सवय आहे का तुम्हाला?"

"सवय कसली... पोटापाण्याचा धंदाच तो."

हा माणूस काही सरळ दिसत नव्हता. ऋतुजानं पर्स पुढं ओढून घेतली आणि निघाली. बाहेर परतीचा पाऊस भुरभुरत होता. मागून पावलं येत होती. ती थांबली की पावलंही थांबत, ती चालली की पावलंही चालत. दवाखान्याच्या दारात पोचल्यावर वॉचमनला सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं, तर वॉचमननंच त्या चष्मेवाल्याला सलाम ठोकला.

अर्ध्या तासानं मुलाखतीच्या टेबलामागे तोच बसलेला. अजिनाथ वाघमोडे, दवाखान्यातल्या नोकरभरतीचं काम बघणारा. शेजारी मेट्रन सिद्धम्माबाई.

"तिकडं शिकून इकडं का आलात?" त्यानं विचारलं.

हा आठवा दवाखाना. सातही ठिकाणी हाच प्रश्न, आणि उत्तरावर कुणाचाच विश्वास नाही. चार वर्षं फिलिपिन्समध्ये गेली, सव्वा वर्ष इथल्या नोंदणीच्या कागदांत गेलं, आणि आता सांगोल्याकडच्या तिच्या गावात जो तो म्हणायचा, परदेशात शिकली आणि शेवटी मेंढरंच वळतीय. तिचे वडील, आबा, ते ऐकून नुसती मान खाली घालत. ती मान वर यावी म्हणून तिला नोकरी हवी होती. बाकी कशासाठी नाही.

"घरची आठवण आली," ती म्हणाली.

"आणि खरं कारण?"

"हेच खरं आहे. विश्वास बसत नसेल तर तो तुमचा आजार. त्यावर माझ्याकडे औषध नाही."

सिद्धम्माबाईंनी हसू दाबलं. "आम्ही कागद बघतो, पण हात जास्त बघतो," त्या कानडी हेल काढत म्हणाल्या. "आठ दिवस वॉर्डात काम करा. आठव्या दिवशी चार वाजता सांगते."

आठ दिवसांत शीर चुकली म्हणून एकाही पेशंटला तिनं दुसऱ्यांदा सुई टोचली नाही. पण जिथं ती, तिथं हा वाघमोडे. कधी दारात, कधी खिडकीपाशी. आपली चूक पकडायला टपलाय, अशी तिची खात्रीच झाली.

"तुम्हाला इथं काय काम?"

"रजिस्टर बघायला आलोय."

"रजिस्टर टेबलावर असतं. माझ्या तोंडावर नाही."

तो कानापर्यंत लाल झाला आणि दुसऱ्या दिवशी चहाचे दोन कप घेऊन आला. ऋतुजानं आपला कप त्याच्यासमोर सरकवला नि त्याचा उचलला.

"हे काय?"

"खबरदारी."

"आलं घातलंय. दोन्हीत."

"कळेल की," ती म्हणाली, आणि चहा फार छान झाला होता हे तिनं त्याला अजिबात कळू दिलं नाही. वाईट एवढंच, की सातव्या दिवशी तो दिवसभर दिसला नाही आणि तिला चुकल्याचुकल्यासारखं झालं. स्वतःचा तिला भयंकर राग आला.

आठव्या दिवशी दुपारी केराबाईआत्याचा फोन आला.

"काय गं, आदी सांगायचं तरी. पाव्हणं येऊन गेलं की काल."

"कोण पाहुणे?"

"वाघमोड्याचं पोरगं. उजनीकाठचं. चष्मा हाय, पर बघाय बरं हाय. तुजी समदी चौकशी केली. कुटं शिकली, सभाव कसा, कुनाशी वाकडं हाय का... दोनदा मागून पोहं खाल्लं. निघताना मी इचारलं, पोरगी पसंत हाय का? तर व्हय म्हनला."

ऋतुजाची कानशिलं तापली. चाराला वीस मिनिटं कमी होती. ती तडक जिन्यात गेली. अजिनाथ खिडकीपाशी पाऊस बघत उभा होता.

"दवाखान्याच्या नावावर माझ्या गावात बायको बघायला गेला होतात?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दवाखान्यानंच पाठवलं होतं. मागं इथं एकजण खोट्या परदेशी पदवीवर सहा महिने नोकरी करून गेली. तेव्हापासून बाहेर शिकलेल्यांच्या घरी जाऊन चौकशी करायची, अहवाल लिहायचा, असा नियम आहे. मी दारातच सांगितलं, दवाखान्यातनं आलोय. आत्यांनी आडनाव विचारलं. वाघमोडे म्हणालो, म्हणजे तुमच्याच समाजातला... आणि संपलंच. म्हणाल्या, पोरगी बघाय येनारा कुनी सरळ सांगतोय व्हय? घोंगडं अंथरलं, पोहे आले."

"आणि पसंत आहे म्हणालात, तेही नियमात बसतं?"

"नाही. ते... ते माझं मी म्हणालो."

तिच्या मनात राग होताच, पण आता नुसता राग नव्हता.

"अहवालात काय लिहिलंत?"

"काहीच नाही. कोरा कागद सिद्धम्माबाईंना परत दिला. जिच्यावर जीव जडलाय तिच्याबद्दल मी चांगलं लिहिलं तर कोण खरं मानेल? दुसरा माणूस पाठवा म्हणालो. त्या 'बघते' म्हणाल्या."

"म्हणजे माझी नोकरी गेली तर—"

"तर माझ्यामुळं. म्हणून तर तुमच्याकडं उत्तर मागत नाही."

ऋतुजानं घड्याळ पाहिलं. चाराला दहा कमी. नोकरी मिळाल्यावर हो म्हटलं तर लोक म्हणणार, नोकरीसाठी म्हणाली. नाही मिळाली तर दयेनं म्हणाली असं यालाच वाटणार. तिचं उत्तर निव्वळ तिचं असेल, अशी तेवढीच दहा मिनिटं उरली होती.

"माझं हो आहे," ती म्हणाली.

"काय?"

"चारनंतर म्हणाले असते तर तुम्ही जन्मभर शंका काढली असती. आत्ता ऐकून घ्या. परत सांगणार नाही." आणि तो काही बोलायच्या आत ती जिना उतरली.

सिद्धम्माबाईंनी एक फॉर्म पुढं सरकवला. "काम आवडलं मला. एवढा एक रकाना भरा. या दवाखान्यात तुमचं कुणी नातेवाईक आहे? नातेवाइकांना आम्ही घेत नाही."

'नाही' लिहायला कितीसा वेळ लागतो? पेन कागदाला टेकलंसुद्धा. पण सात ठिकाणी खरं बोलून ती खोटी ठरली होती. आठव्या ठिकाणी खोटं बोलून खरं ठरायचं तिच्या जिवावर आलं. आबांची खाली गेलेली मान डोळ्यांपुढं होती, तरीही तिनं पेन खाली ठेवलं.

"बाई, दहा मिनिटांपूर्वीपर्यंत कुणी नव्हतं."

सिद्धम्माबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "हो म्हणालीस त्याला?"

"म्हणाले."

"नोकरीचं कळायच्या आधी?"

"आधी."

बाई खुर्चीत मागं टेकल्या. "कोरा कागद घेऊन तो आला तेव्हाच मला वाटलं होतं. लपवणारीला मी आज घालवली असती. लिही, आज कुणी नाही; नियम नोकरीत घेतानाचा आहे. लग्न होईल तेव्हा येऊन सांग. मात्र भरतीचं काम त्याच्याकडं राहणार नाही. उद्यापासून त्यानं औषधांच्या स्टोअरला बसायचं. आणि तू सकाळी साडेसातला हजर."

अजिनाथ बाहेर उभा होता. तिनं सगळं सांगितलं.

"स्टोअर तर स्टोअर," तो म्हणाला. "नोकरी मिळाली ना तुम्हाला?"

तेव्हा कुठं ऋतुजाचे डोळे भरून आले. तिनं फोन लावला. "आबा, नोकरी लागली." पलीकडं आबा मोठ्यानं कुणाला तरी ओरडून सांगत होते, एकदा, दोनदा, मग तिसऱ्यांदा. तिनं डोळे पुसले, आबांना म्हणाली, "थांबा, आणखी एक आहे," आणि फोन अजिनाथच्या हातात दिला.

आठ वर्षं परक्या माणसांना प्रश्न विचारून भंडावून सोडलेला तो गडी, पलीकडून "कोण बोलतंय?" आल्यावर, नुसता घाम पुसत राहिला.