वजा केलेलं आकाश

मोनाली नेवारेचं आकाश आज पुन्हा काळंच राहिलं.

नागपूरच्या उन्मेष केंद्रातल्या एका घुमटाखाली मोनाली आणि तिच्या समुपदेशक कुमुद ढोक समोरासमोर बसल्या होत्या. दोघींच्या डोक्यावर तारांच्या जाळीची हलकी टोपी होती. मोनालीच्या मेंदूत जिथे नवी जोडणी बळकट होत असेल, तिथला ठिपका वर घुमटावर उजळायला हवा होता. शेजारच्या कक्षात समुपदेशक जांगळे सरांसमोर बसलेल्या मुलाचं आकाश इतकं लखलखत होतं की दाराच्या फटीतून उजेड बाहेर येत होता. इथे मात्र सुरुवातीला चार-पाच ठिपके मिणमिणले आणि बोलणं रंगात आल्यावर तेही गेले.

मोनालीने वर पाहिलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि वेळ विचारावी इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "मॅडम, मी रिकामीच आहो. तुम्ही काहून एवढा जीव लावून राहिल्या?"

सोळा वर्षांच्या मुलीने रडून हे म्हटलं असतं तर कुमुदताईंनी तिला सावरलं असतं. ती रडत नव्हती, ती आकाश पाहून बोलत होती, आणि आकाश तर सगळ्यांसमोर होतं.

हे केंद्र उभं होतं एका सोप्या सत्यावर. किशोरवयात मेंदू स्वतःचीच छाटणी करतो. बालपणी वारेमाप वाढलेल्या जोडण्यांपैकी ज्या वापरात राहतात त्या जाड होतात, बाकीच्या गळून जातात. या वयात मुलाला उठता-बसता त्याचे दोष ऐकवले की दोषांभोवतीच्याच वाटा पक्क्या होतात. त्याला जे जमलं त्याबद्दल त्याला बोलतं केलं, की त्या वाटा टिकतात. हे सांगणारी शहाणी माणसं पूर्वीही होती. डॉ. अनिरुद्ध पेंडके यांनी ते डोळ्यांना दिसेल असं यंत्र बनवलं, त्याला उन्मेषदर्शक असं नाव दिलं आणि मग सरकारलाही ते पटलं. डोळ्यांना दिसल्याशिवाय सरकारला काही पटत नाही, त्याला बिचारं सरकार तरी काय करणार?

केंद्राची एक जगावेगळी रीत होती. इथे मुलाला 'का' विचारायला बंदी होती. 'का केलंस?' म्हटलं की समोर आरोपी उभा राहतो, 'कसं जमवलंस?' म्हटलं की करणारा उभा राहतो, असं पेंडके नव्या समुपदेशकांना पहिल्याच दिवशी बजावत. ही सवय इतकी अंगात भिनली होती की उपाहारगृहातसुद्धा भाजीत मीठ का नाही असं कोणी विचारत नसे. मिठाशिवाय भाजी कशी जमवली असं विचारत, आणि आचारी दुप्पट खवळे.

मोनालीच्या कागदांवर एकच शब्द होता, वाहनचोरी. ती एका वसतिगृहात राहत होती. अधीक्षिका लग्नाला गेलेल्या असताना तिने वसतिगृहाचा टेम्पो काढला, वाहन चालवण्याचा परवाना नसताना भर दुपारी शहरातून नेला आणि दवाखान्याच्या फाटकावर आदळला. टेम्पोत मागे यामिनी नावाची बारकी मुलगी होती, पोटात आतडं फुटायच्या बेतात आलेली. यामिनी वाचली. फाटक, टेम्पो आणि फाटकामागे उभी असलेली दवाखान्याच्या एका वजनदार विश्वस्तांची मोटार वाचली नाही. विश्वस्तांना मोटारीचं जास्त वाटलं आणि मोनाली कोर्टात उभी राहिली. कोर्टाने तिला उन्मेष केंद्रात पाठवलं ते एका अटीवर. ठरलेल्या मुदतीत आकाश उजळलं तर ती पुन्हा शाळेत जाईल, नाहीतर अठरा पूर्ण होईपर्यंत बंदिस्त सुधारगृहात. मुदत सोमवारी संपत होती.

कुमुदताईंचं अर्ध्याहून अधिक आयुष्य मुलांशी बोलण्यात गेलं होतं. पूर्वीच्या नोकरीत मुलाआधी त्याची जाडजूड फाइल टेबलावर यायची आणि पहिल्या पानापासून काय बिघडलंय तेच लिहिलेलं असायचं. त्याला विटून त्या इथे आल्या होत्या. एवढ्या वर्षांत समोरच्या मुलाला मोनालीइतकं आतून समजून घेतल्याचा अनुभव त्यांना क्वचित आला होता, आणि नेमकं याच मुलीचं आकाश काळं.

गुरुवारी शेवटून दुसरी बैठक होती. यामिनीचं दुखणं साधं नाही हे तू कसं ओळखलंस, असं कुमुदताईंनी विचारलं. मोनालीने आधी खांदे उडवले. मग हळूहळू ती आईबद्दल बोलू लागली.

"माही माय ऐकू शकत नाही. लहान होती तेव्हापासून मी तिच्या संग बाजारात जाओ. कोण खोटं बोलून राहिलं, कोण हसून राहिलं तिच्यावर, ते मी तोंडाकडे पाहून तिले सांगो. यामिनी काही नाही, काही नाही म्हणत होती. पण तिचं तोंड दुसरंच सांगत होतं. मले दिसलं."

कुमुदताई ऐकत राहिल्या. मोनाली थांबली की पुढचा शब्द कुठून येणार हे त्यांना आधीच जाणवत होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं की मोनाली तिथेच अडखळून अधिक खरं बोलत होती. डोक्यावर टोपी आहे याचाही त्यांना विसर पडला. कधीतरी त्यांनी वर पाहिलं. घुमट पूर्ण काळा होता. चार-पाच ठिपकेही नव्हते.

तेवढ्यात शिपाई दार ढकलून आत आला आणि रजेच्या अर्जावर सही राहिल्याचं सांगू लागला. कुमुदताईंचं लक्ष क्षणभर रजेकडे गेलं, कोणत्या तारखा टाकल्या होत्या ते त्या आठवू लागल्या, आणि घुमटावर भराभर ठिपके उगवले. शिपाई गेला. त्या पुन्हा मोनालीकडे वळल्या, तिच्या आईचं नाव विचारलं, तिच्यात रमल्या. ठिपके एकेक करून विझले.

कुमुदताईंना त्याचा एकच अर्थ दिसला. मी लक्ष दिलं की ही विझते. मी लक्ष काढून घेतलं की उजळते.

त्या तडक पेंडकेंच्या खोलीत गेल्या. पेंडके हे अतिशय हुशार आणि तितकेच विसरभोळे गृहस्थ होते. टेबलावर त्यांचे चहाचे तीन कप होते आणि तिन्ही अर्धे. कुमुदताईंनी उभ्या उभ्याच सांगितलं की मोनालीला दुसऱ्या कोणाकडे द्या, शेवटची बैठक जांगळे सरांना घेऊ द्या, माझ्यामुळे त्या पोरीचं नुकसान होतंय. पेंडकेंनी त्यांना बसवलं. कोणाच्या ऐकण्याने मेंदूतली जोडणी विझत नसते, तसा काही मार्गच नाही, असं ते समजावत राहिले. कुमुदताईंनी शिपायाची हकिगत सांगितली तेव्हा मात्र ते पुढे सरकून बसले.

"माझी टोपी कशासाठी असते?" कुमुदताईंनी विचारलं. "मेंदू तर मुलाचा बघायचा असतो."

"वजावटीसाठी," पेंडके म्हणाले. "मुलाची टोपी फार हळवी आहे. समोर बसलेल्या माणसाच्या मेंदूचे पडसादही ती पकडते. मग घुमटावर दिसतंय ते मुलाचं की मोठ्या माणसाचं, हे कळणार कसं? म्हणून तुमची टोपी तुमचे संदेश टिपते, आणि मुलाच्या टोपीत त्यांच्याशी जुळणारं जे जे सापडेल ते यंत्र गाळून टाकतं. गोंगाट जातो, उरतं ते निव्वळ मुलाचं."

"जुळणारं सगळं?"

"सगळं."

"आणि दोघांचं खरोखरच सारखं असेल तर? माझ्यात जे चाललंय तेच त्या क्षणी तिच्यातही चाललं असेल तर?"

पेंडके हसले. दोन मेंदू इतके जुळत नाहीत, त्यांनी स्वतः चाचण्या घेतल्या होत्या. कुमुदताईंनी विचारलं की चाचण्या कशा घेतल्या. हे 'कसं' त्यांनी सवयीनेच विचारलं होतं. पेंडके उत्साहाने सांगू लागले: एकमेकांना न ओळखणारी माणसं जोडीने समोरासमोर बसवली, हालचाल नको, आवाज नको, एकमेकांकडे बघणंसुद्धा नको म्हणून प्रत्येकाला भिंतीवरच्या खुणेकडे बघायला सांगितलं. अतिशय स्वच्छ नोंदी मिळाल्या. कुठेही काहीही जुळलं नाही.

बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक होत गेला. आपण काय बोलतोय ते त्यांनाच ऐकू येऊ लागलं होतं. ऐकण्यावर उभ्या असलेल्या केंद्राचं यंत्र त्यांनी एकमेकांचं न ऐकणाऱ्या माणसांवर तपासलं होतं.

"ढोक बाई," ते अखेर म्हणाले, "मी तुम्हाला गोंगाट समजलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी घुमटाखाली तिघंच होती. मोनालीला कुमुदताईंनी सगळं सांगून टाकलं होतं, यंत्र चुकलं असेल आणि नसेलही, हेसुद्धा. मोनालीने मान डोलावली होती. फार आशा ठेवायची तिला सवय नव्हती. पेंडकेंनी वजावट बंद केली आणि दोन टोप्यांना दोन रंग दिले: मोनालीला निळा, कुमुदताईंना पिवळा. दोघींचं जिथे एकाच वेळी, एकाच तालात चालेल तिथे पांढरा.

"बोला," ते म्हणाले.

सुरुवातीला तुरळक निळे आणि तुरळक पिवळे ठिपके आले. कुमुदताईंनी मोनालीला विचारलं की टेम्पो सुरू केला तेव्हा यामिनीला काय सांगितलं होतंस. मोनाली आठवू लागली. कुमुदताई वाट पाहत राहिल्या. आणि घुमटाच्या कडेला एक पांढरा ठिपका उमटला, त्याच्या शेजारी दुसरा, मग रांगच्या रांग. काळोख मध्याकडे सरकत गेला. पांढऱ्या वाटा एकमेकींना जाऊन मिळाल्या, त्यांतून नव्या वाटा फुटल्या, जुन्या जाड झाल्या आणि बघता बघता अख्खा घुमट उजेडाने भरून गेला. जमिनीवर तिघांच्या सावल्या पडल्या. इतका उजेड त्या केंद्राने कधीच पाहिला नव्हता.

मोनालीचं तोंड उघडंच राहिलं. "हे माह्यातलं आहे?" तिने विचारलं.

"तुझ्यातलं. आधीपासूनचं," कुमुदताई म्हणाल्या. माणसाचा चेहरा वाचणं, त्याच्या न बोललेल्या शब्दाची वाट बघणं, हीच या मुलीची ताकद होती. कुमुदताईंचीही तीच होती. आणि म्हणूनच त्या दोघी भेटल्या की यंत्र ती ताकद दोन्हीकडून गाळून टाकत होतं.

पेंडके खुर्चीवर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. बंदिस्त सुधारगृहाची शिफारस करणार नाही, सोमवारी कोर्टात स्वतः उभा राहतो आणि न्यायाधीशांना इथे आणून वर बघायला लावतो, एवढं त्यांनी ताबडतोब सांगितलं. पण त्यांचा चेहरा आनंदी माणसाचा नव्हता. कुमुदताईंनी तो वाचला. मोनालीनेही वाचला.

"सर, तुम्हाले कशाचं तरी वाईट वाटून राहिलं," ती म्हणाली.

पेंडकेंनी शेजारच्या कक्षाच्या भिंतीकडे पाहिलं. केंद्रातली सगळ्यांत लखलखीत आकाशं जांगळे सरांच्या मुलांची असत. दरवर्षी सरांचा सत्कार होई. मुलाकडे न बघता सारखं वर घुमटाकडे बघत बसायची त्यांना सवय होती, आणि जितका घुमट उजळे तितके ते आणखी वर बघत. हिशेब सरळ होता. ज्या मुलाचं कोणी ऐकत नव्हतं, त्याच्यातून गाळलं जाण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते चमकत होतं. आणि ज्यांचं कोणीतरी मनापासून ऐकून घेतलं, ती मुलं काळोखी ठरून बंदिस्त दारांमागे गेली होती.

"वजा केलेलं सगळं यंत्राने साठवून ठेवलंय," पेंडके हळू आवाजात म्हणाले. "फेकलेलं नाही. एकेका मुलाचं आकाश परत उघडतो. एकेकाला परत आणतो." आणि ते उठून त्याच कामाला लागणार तेवढ्यात त्यांची नजर यंत्राच्या पडद्यावर थबकली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ढोक बाई, यातले नव्याने फुटलेल्या जोडण्यांचे ठिपके फक्त निळे नाहीत. पिवळेही आहेत. तुमच्या वयाला छाटणी कधीच संपलेली असते. इथे नवं काही फुटायला नको."

कुमुदताईंनी वर पाहिलं. त्या उजेडात पिवळ्या रंगाचे बारीक अंकुर खरोखरच होते, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यातला एक लांबला.

मोनाली आकाशाकडे बघत नव्हती. ती कुमुदताईंच्या चेहऱ्याकडे बघत होती, बाजारात आईसाठी माणसांकडे बघायची तशी. मग ती खुर्ची जवळ ओढून बसली.

"मॅडम," तिने विचारलं, "तुम्ही हे कसं जमवलं?"

हा प्रश्न कुमुदताईंनी किती मुलांना विचारला असेल, त्याची मोजदाद नव्हती. त्यांना तो आजवर कोणीच विचारला नव्हता. मोनालीने घाई केली नाही, ती वाट पाहत राहिली. मग कुमुदताई बोलू लागल्या आणि मोनाली ऐकू लागली, आणि वर बघायचं दोघींनाही सुचलं नाही.