खडूची फुली

हे खरं घडलंय. खोटं रचायला मी काही शिकलेली बाई नाही. पण माझ्या घरात काय झालं, ते मला कोणी शिकवू नये.

रात्रीबित्रीची गोष्ट नाही. भर दुपारची. आमच्याच वरच्या नव्या खोलीतली.

खोली मुलासाठी बांधली. भिंती खणून वायरी टाकल्या. नियम असा, की इन्स्पेक्टर उघड्या वायरी बघणार, पास करणार, मगच प्लास्टर. साहेब काही येईनात. इकडे सुनेच्या माहेरची माणसं यायची होती. त्यांना खणलेल्या भिंती दाखवू?

मी प्लास्टर करून घेतलं. वर रंगसुद्धा.

मग साहेब उगवले. अंगाने वाळकुडे, खिशात खडू. पास भिंतीवर बरोबरची खूण, नापास भिंतीवर फुली.

"आजी, भिंत फोडा. अर्थिंग जोडलंय की नाही, बघायचंय मला."

"आजी असेल तुमच्या घरी! बघायचंय तर लावा डोळे भिंतीला."

वायरमन तोंड फिरवून हसला.

"आतलं बघितल्याशिवाय मी सोडत नाही," एवढंच बोलून साहेब जिना उतरले.

संध्याकाळी वायरमनचा फोन. साहेब गेले. बसस्टॉपवर, बसल्या बसल्या.

मी काय मारलं त्यांना?

दुसऱ्या दुपारी वरून आवाज...

टक... टक... टक...

बोटाच्या पेराने भिंत वाजवावी तसा.

वर गेले. खोली रिकामी. स्विचबोर्डाशेजारी खडूची फुली.

ओल्या फडक्याने पुसली. गेली.

भिंत वाळली, तशी... परत उमटली.

सून रडायला लागली. "आई, फोडूया ना भिंत. हात जोडते तुमच्यापुढे."

"हात जोडू नकोस, चालव. इस्त्रीचे कपडे पडलेत. तुझ्या माहेरी भिंती तरी धड आहेत का?"

तिने वरच्या खोलीत, त्याच बोर्डाला इस्त्री लावली.

किंकाळी आलीच नाही. नुसतं काहीतरी... धप्पकन पडलं.

मुलाने धावत जाऊन मेन स्विच पाडला, तेव्हा कुठे इस्त्री तिच्या हातातून सुटली. जगली. उजवा हात गेला तो गेलाच. बोटं वळत नाहीत.

मुलाने भिंत फोडली. अर्थिंगची वायर आत तशीच लोंबत होती, कशालाच न जोडलेली. ती जोडली, नवा इन्स्पेक्टर पास करून गेला. फुली पुन्हा उमटली नाही.

म्हटलं, सुटलो एकदाचे.

काल दुपारी ओट्यापाशी उभी होते. मागून...

टक... टक...

माझ्या पाठीवर.

वळले. कोणी नाही. लांब दारात सून उभी.

"काय गं, अशी काय बघतेस? पाठीला खडू लागलाय का?"

"हो, आई."

"बरोबरची खूण, की फुली?"

ती हसली. हात गेल्यापासून पहिल्यांदा.

"दात काय काढतेस? पूस ना!"

तिने उजवा हात वर केला.

"कशानं पुसू, आई?"

कपडे बदलले. पुन्हा विचारलं. आता मुलगाही नजर चुकवतो.

आणि साहेब तर... आतलं बघितल्याशिवाय सोडत नाहीत.